द्वारका चौकातली धडधड आणि झाडाखालचा अर्धा तास

पाथर्डी फाटा, नाशिक इथून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझं वय ३६. अंबडमधल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. जुलैमध्ये माहेरी पंचवटीला जाताना द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकले होते. अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली. वाटलं, आता संपलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, जरा निसर्गात जात जा. तेव्हापासून मी द्वारका टाळते, लांबून वळसा घालून जाते. कामावर माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, सासूबाईंचं दुखणं आहे, रात्री मोबाइल बघत एक वाजतो. दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही सगळे ब्रह्मगिरीला गेलो. वर छान वाटलं, पण परतताना त्र्यंबक रोडवरच पुन्हा धडधड सुरू झाली. सोमवारी सगळं पहिल्यासारखंच. निसर्गाचा खरंच उपयोग होतो, की नुसतं बोलायचं?"

ताई, उपयोग होतो. पण तुम्हाला सल्ला अर्धाच मिळाला. 'निसर्गात जा' असं सांगितलं. कुठे, किती वेळ, तिथे जाऊन काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. गोळी हातात दिली आणि दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगायचं राहिलं, तसं झालं.

आधी द्वारकाला काय घडलं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शरीराने धोक्याची घंटा वाजवली. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरलं, हृदय जोरात चालू लागलं, श्वास उथळ आणि भराभर झाला. असा श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा खाली जातो, आणि त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं वाटतं. म्हणजे ज्या खुणांनी तुम्हाला 'आता संपलं' असं वाटलं, त्यातल्या बऱ्याच त्या श्वासाच्याच होत्या. असा झटका साधारण १० मिनिटांच्या आत कळसाला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरू लागतो. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्रास अगदी खरा असतो. घंटाही खरीच वाजते, फक्त आग लागलेली नसते.

अडचण झटका ओसरल्यावर सुरू होते. मन आत वळतं. छाती ठीक आहे ना, ठोका चुकला का, श्वास पुरतोय ना, अशी दिवसभर चाचपणी चालते. जितकं चाचपावं तितकं काही ना काही सापडतं, आणि सापडलं की घंटा पुन्हा वाजते. त्यात रात्रीचा मोबाइल, कामावरची कुजबुज, दवाखान्याच्या फेऱ्या. मन तेच ते दळण दळत बसतं.

झाडाझुडपांचा उपयोग नेमका इथे आहे. हिशोबाच्या तक्त्यावर लक्ष धरून ठेवायला जोर लावावा लागतो. हलत्या पानांवर, वाहत्या पाण्यावर, गवतात फिरणाऱ्या पाखरावर ते जोर न लावता टिकतं. मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने यावर बरंच लिहिलं आहे. अशा अलगद गुंतण्यात दमलेलं लक्ष विसावतं, असं त्यांचं म्हणणं. भीतीच्या दृष्टीने आणखी एक फायदा म्हणजे लक्ष बाहेर गेलं की आतली चाचपणी तेवढा वेळ थांबते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३८ जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना ९० मिनिटं झाडागवताच्या मोकळ्या भागातून चालवलं, निम्म्यांना वाहत्या हमरस्त्याकडेने. झाडांतून चाललेल्यांचं हे दळण कमी झालं, आणि त्याच्याशी निगडित मेंदूच्या एका भागाची हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्याकडेने चाललेल्यांमध्ये तसा फरक आढळला नाही.

आता प्रमाण. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि मनःस्थिती चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. त्याहून कमी वेळ घालवणाऱ्यांत तसा ठोस फरक नव्हता. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, म्हणून तिला कायदा मानू नका. ठोकताळा म्हणून ती उत्तम आहे. त्याच वर्षी मिशिगनच्या दुसऱ्या एका अभ्यासात ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, लाळेतून मोजलं. २० ते ३० मिनिटांच्या बैठकीत किंवा फेरीत ते सर्वात वेगाने उतरत होतं. पुढेही उतरत होतं, पण हळू. दोन्ही आकडे जोडले की हिशोब सोपा होतो: ३० मिनिटं, आठवड्यातून ४ वेळा. आकड्यांचं काम तुमच्या हातचंच आहे.

त्या इंग्लंडच्या पाहणीत १२० मिनिटं एकदम घेतली की तुकड्यांत, याने फरक पडला नव्हता. तरीही तुमच्यासाठी आम्ही तुकड्यांचाच आग्रह धरू. भीती ही शरीराला लागलेली सवय आहे आणि सवय रोजच्या थोड्या थोड्या उलट सरावाने मोडते. महिन्यातून एकदा दिवसभर पोहून कुणी पोहायला शिकत नाही.

ब्रह्मगिरीच्या रविवारी काय चुकलं, तेही यातून कळेल. सगळे मिळून, म्हणजे डबे, मुलांची आवराआवर, फोटो, पार्किंग, दर्शनाची रांग. जागा नवी, गर्दी मोठी. वर पोहोचलात आणि बरं वाटलं, तेही खरंच. पण तुम्ही 'भीती घालवायला' गेला होतात, त्यामुळे 'गेली का, गेली का' हे मनात चालूच राहिलं असणार. परतताना ती दिसल्याबरोबर 'हाही उपाय फसला' ही दुसरी भीती तिच्या खांद्यावर बसली. सहल जरूर करा, सहल म्हणून. उपाय वेगळा ठेवा.

तर सहा आठवड्यांचा उपाय असा. घरापासून किंवा कामापासून १० ते १५ मिनिटांच्या आत एक जागा ठरवा आणि ती बदलू नका. तुम्हाला पांडवलेण्यांचा पायथा जवळ आहे, तिथलं वनविभागाचं नेहरू वनोद्यान चालेल. उघडण्याची वेळ फाटकावर विचारून घ्या. इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक चालेल. तेही जमत नसेल तर कॉलनीच्या बागेतलं एखादं जुनं झाडसुद्धा पुरतं. वड, उंबर, करंज, कडुनिंब, कुठलंही. उंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तो वर्षातून अनेकदा फळतो आणि फळला की पाखरांची जत्रा भरते. एकच जागा यासाठी की दहाव्या दिवशी तिथे काय बदललं ते तुम्हाला दिसू लागतं. नव्या जागी मन आधी वाटा आणि धोके शोधतं, ओळखीच्या जागी ते पहारा सोडतं.

वेळ सकाळची सव्वासात ते पावणेआठ. सध्या थंडी आहे, सूर्य उशिरा वर येतो, त्यामुळे अंधारात जायची घाई नको. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळही लागतं आणि रात्री झोप वेळेवर यायला मदत होते. चहा परतल्यावर घ्या. उपाशीपोटी कडक चहा घेऊन निघालात तर हृदय चहामुळेच जोरात चालेल आणि तुम्ही त्याचा दोष मनाला द्याल. मोबाइल सायलेंटवर टाकून पर्समध्ये, पर्स गाडीच्या डिकीत. सोबत कुणी हवं वाटलं तर यजमानांना दूर बाकावर बसू द्या. बोलायचं नाही एवढी एकच अट.

पहिली ८ ते १० मिनिटं चाला, नेहमीपेक्षा थोडं भराभर. शरीराने पळण्याची तयारी केलेली असते, तिला पायांवाटे वाट मिळू द्या. मग बसा. नाकाने श्वास घ्या, मनात ४ पर्यंत मोजत. सोडताना ६ पर्यंत मोजा. असे ८-१० श्वास पुरेत. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित उतरतो, म्हणून सोडणं लांबवायचं. खोल, मोठा श्वास घ्यायच्या मागे लागू नका. भीतीत माणसं छाती फुगवून हवा ओढतात आणि चक्कर वाढवून घेतात.

त्यानंतर मोजणं बंद. उरलेली १०-१५ मिनिटं फक्त बघायचं. आधी लांबचं: डोंगराची कड, झाडांचे शेंडे, आकाश. दिवसभर हातभर अंतरावर खिळलेल्या डोळ्यांना तेवढाच विसावा. मग ऐकायचं: सर्वात दूरचा आवाज कुठला, सर्वात जवळचा कुठला. शेवटी एकच छोटी गोष्ट निवडून तिच्यापाशी थांबायचं. या दिवसांत हिरवळीवर धोबी पक्षी आलेले असतात, काही जण त्यांना परीट म्हणतात. हिवाळी पाहुणे. एकाला धरून ठेवा नजरेने. चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, शेपूट वरखाली, वरखाली, मग गवतातून काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. थबकल्यावर शेपटी किती वेळा हलते ते बघा. उडताना तो सरळ रेषेत जात नाही, लाटेसारखा वरखाली होत जातो आणि बारीक 'चिझिक' करतो. हे सगळं दिसेपर्यंत पाच मिनिटं गेलेली असतात आणि त्या पाच मिनिटांत तुम्ही नाडी पाहिलेली नसते.

मध्येच धडधड आली तर? येईल, पहिल्या दोन आठवड्यांत नक्की येईल. उठून पळू नका. 'आली आहेस, बस' असं म्हणा, श्वास सोडणं लांबवा आणि पुन्हा धोब्याकडे बघा. झटका ओसरेपर्यंत तिथेच बसलात, तर त्या दिवशीचा अर्धा तास इतर चार दिवसांपेक्षा मोलाचा. शरीराने स्वतः अनुभवलं की घंटा वाजली, कुणी पळालं नाही, आणि ती थांबली.

बहुतेकांचा सराव इथेच मोडतो, म्हणून नेमकं कुठे मोडतो तेही सांगतो. कानात इअरफोन आणि त्यात बातम्या. हातात स्मार्ट वॉच आणि दर मिनिटाला हृदयाचे ठोके. ते घड्याळ या सहा आठवड्यांत घरीच ठेवा. मैत्रिणीसोबत फेऱ्या आणि फेऱ्यांत ऑफिसचं सगळं गाऱ्हाणं. मैत्री चांगली, पण त्यात झाड दिसत नाही. आणि सर्वात मोठी चूक म्हणजे फक्त भीती वाटेल तेव्हाच जाणं. मग ती जागा औषधाची बाटली होते, आणि बाटली जवळ नसली की धास्ती. बरं वाटत असेल त्या दिवशीही जायचं.

एक छोटी वही ठेवा. जाण्याआधी भीती ० ते १० मध्ये किती, आल्यावर किती, आणि तिथे दिसलेली एक गोष्ट. तीन नोंदी, एक ओळ. रोज उलटून वाचू नका. चार आठवड्यांनी एकदम बघा. आकडे पायरीपायरीने उतरत नाहीत, वर-खाली होत उतरतात. दिसलेल्या गोष्टींचा रकाना मात्र भरत जातो, आणि आमच्या मते खरी प्रगती त्याच रकान्यात आधी दिसते.

आता खऱ्या धोक्यांबद्दल. भीती उतरवायला सांगतो म्हणून सावधपणा सोडायला सांगत नाही. नाशिकच्या आसपास बिबट्या आहे, उसाच्या आणि नदीकाठच्या पट्ट्यात जास्त. उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने, ओहोळात, झाडीत एकटं जायचं नाही. झाडीलगत वाकून किंवा खाली बसून राहायचं नाही. बाकावर, मोकळ्यावर, माणसांच्या वावरात बसा. हे घोणसीचेही दिवस आहेत. पाचोळ्यात हात घालू नका, पायात बूट असू द्या, दगड उलटवू नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरी चढते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे सगळं शहर विचारतं, ते उगाच नाही. त्या दिवसांत सोमेश्वरच्या धबधब्याचे निसरडे खडक आणि नदीकाठच्या पायऱ्या दोन्ही टाळा. अशी भीती कामाची असते. ती काय करायचं ते सांगते आणि केलं की गप्प बसते. द्वारकाची भीती गप्प बसत नाही, फरक ओळखायची खूण हीच.

तिसऱ्या आठवड्यापासून एक गोष्ट वाढवा. तुमच्या तपासण्या नॉर्मल आहेत, तरी डॉक्टरांना 'चढण चढले तर चालेल ना' एवढं विचारून घ्या. मग आठवड्यातून एकदा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा, न थांबता जमेल तितक्या. हृदय धडधडेल, धाप लागेल, घाम येईल. म्हणजे हुबेहूब द्वारकाच. वर सावलीत बसा; लेण्यांची तोंडं उत्तर-ईशान्येकडे असल्याने तिथे ऊन फार छळत नाही. आणि साध्या घड्याळात बघा, धडधड शांत व्हायला किती मिनिटं लागतात. पहिल्यांदा समजा ६ लागली, महिन्याने ४ लागतील. जोरात चालणारं हृदय म्हणजे संकट नव्हे, हे डोक्याला शंभरदा सांगून पटत नाही. पायऱ्यांवर ते शरीराला पटतं. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेल्या त्या ओसरीत बसून समोर पसरलेलं नाशिक बघताना ते जरा लवकर पटतं, असं आम्हाला वाटतं.

आणि मग द्वारका. कारण झाडाखाली कितीही बरं वाटलं तरी चौक टाळत राहिलात, तर भीती चौकात आपलं घर राखून ठेवते. वळसा घातल्यावर जी हुश्श वाटते ना, तेच तिचं खाद्य. पाचव्या आठवड्यापासून सुरू करा. रविवारी सकाळी सातला, रस्ते रिकामे असताना, यजमान गाडी चालवत असताना एकदा. पुढच्या वेळी तसंच, पण तुम्ही चालवा. मग एकट्या, रविवारीच. मग आठवड्याच्या दिवशी दुपारी. शेवटी संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरी भीतीचा आकडा ३ च्या खाली येईपर्यंत दोन-तीन वेळा करा, मगच पुढची. सिग्नलला अडकलात तर झाडाखाली केलं तेच: सोडणं लांब, नजर लांब. चौकातही आकाश असतं, तारेवर पारवे असतात.

रात्रीचा मोबाइल याबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. साडेदहाला तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजराचं साधं घड्याळ आणा.

सासूबाईंच्या दुखण्यामुळे काही दिवस घराबाहेर पडणं जमणार नाही, हे आम्ही धरून चाललो आहोत. अशा दिवशी गॅलरी. पसरट मातीचं भांडं, त्यात दीड-दोन इंच पाणी, मधे एक दगड पाखरांना पाय टेकायला. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डास होतील. आठ-दहा दिवस कुणी फिरकणार नाही, मग आधी बहुधा बुलबुल नाहीतर साळुंकी येईल. सासूबाईंची खाटही खिडकीकडे तोंड करून लावता आली तर लावा. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. अंबडलाही जेवणाच्या सुट्टीत १० मिनिटं शेडबाहेर सावलीत बसता येतं. ही मिनिटं १२० मध्ये धरू नका, वरकड समजा.

सहा आठवडे मनापासून करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कामावर जाणंच बंद पडलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पॅनिकवर चांगले उपचार आहेत. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सीबीटी आहे, गरज पडल्यास औषधं आहेत. औषधं सुरू झाली तर झाडाखाली बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, शुद्ध हरपली, तर ते पॅनिक समजून बसून राहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि जगणं नको असा विचार मनात डोकावलाच, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ती २४ तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

या आठवड्यात एवढंच करा: झाड ठरवा, वही आणा आणि चार सकाळी मोकळ्या ठेवा. पायऱ्या आणि द्वारका यांचा विचार आत्ता नको. सहा आठवड्यांनी वहीतला तिसरा रकाना आम्हाला लिहून पाठवा, आकडे नसले तरी चालतील.